तुझ्या टाळीची लेव्हल

अनसे,

पॅडवरच्या टाळीचं काय झालं, हे तू पहिलं विचारशील. मी जेवलो का, ते मागून. सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगतो, मधे तोंड घालू नको. हे लिहिलं आणि मग ध्यानात आलं की आता तुला मधे तोंड घालता येत नाही. सगळा संसार तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडलंस. आता माझी वाक्यं पुरी व्हायला लागलीत आणि कुठं थांबावं तेच कळंना.

तुझी लेक सुनी म्हणली, "नाना, भिंतीशी बोलण्यापरीस लिहून काढा." चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाला हे सांगणं सोपं. पण ढोलक शिकताना मी आधी बोल तोंडानं म्हणायचो, मग हातात यायचे. तसंच करतोय. आधी बोलतो, मग लिहितो. शेजारी म्हणत असतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणू देत.

तुझं तोंड बघायच्या आधी मी तुझी टाळी ऐकली होती. तुमच्या गावच्या जयंतीला आमची गायन पार्टी आलती. मी नवाच ढोलकवाला, अंगात मस्ती लई. मला एक खोड होती, तुला ठाऊकच आहे. ओळ संपताना शेवटची थाप मारायचीच नाही. हात वर उचलून धरायचा. ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, मग पुढची ओळ आली की तो भरतो. त्या दिवशी त्या खड्ड्यात बायकांच्या बाजूनं एक टाळी पडली. बरोबर मधोमध. मला वाटलं चुकून पडली असंल. पुढच्या ओळीला परत तीच. मी मुद्दाम जागा बदलली, जरा अलीकडं सोडली, तर टाळी तिथंही आली. मी काकाला विचारलं, "काका, ती टाळी कुणाची?" काका पेटीवर होता. म्हणला, "टाळीचं काय करतो बे, तुझ्या ढोलकाकडं बघ."

लग्न झाल्यावर मी तुला मोठ्या कौतुकानं विचारलं, की तुला ती जागा कशी कळली. तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणलीस, "जागा कशाची? मला वाटलं ह्यो ढोलकवाला इसरभोळा हाय. दर ओळीला एक थाप इसरतोय. म्हणून भरून काढत होते."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

मग तू आमच्या पार्टीत कोरसला आलीस. तुझा गळा बेताचाच होता, हे मी तुला तेव्हाही तोंडावर सांगितलं आणि आताही सांगतो. पण टाळी. माहेरी उसाच्या फडात कोयता धरून धरून तुझे तळवे लाकडासारखे झालेले. डाव्या हाताची वाटी करायचीस आणि उजव्या हाताची बोटं त्या वाटीत अशी पाडायचीस की माईक नसला तरी विहाराच्या मागच्या भिंतीपर्यंत आवाज जायचा. बाकीच्या बाया टाळ्या वाजवायच्या. तू टाळी मारायचीस. मी थाप सोडायचो, तू मारायचीस. लोक म्हणायचे जोडीनं ढोलक वाजवतात.

पुढं सुनीनं पॅड घेतला. शिवणकाम करून संध्याकाळी ती पॅडचा सराव करायची. भावकीतले लोक बोलले, बाईमाणूस पॅडवर कावून? तू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतीस. म्हणलीस, "हात बाईचा, पॅड कंपनीचा, सुपारी पार्टीची. तुमचं ह्यात काय हाय?"

त्या पॅडवर तू पहिल्या दिवसापासून राग धरला होतास, तो मात्र खोटा नव्हता. रबराचे चौकोन, काठीनं मारलं की प्रत्येकातून वेगळा आवाज. एकात ढोल, एकात ताशा, एकात झांज. आणि एकात टाळी. सुनीनं हौसेनं तुला ऐकवली. तू ऐकलीस आणि म्हणलीस, "ही टाळी हाय? कुणीतरी डास मारतंय." सुनी हसली. मी हसलो नाही, कारण मला ती टाळी बरी वाटली होती. मी म्हणलो, कंपनीची टाळी एकसारखी तरी येते. तू म्हणलीस, "तुमचं ढोलक पण एकसारखंच येऊ लागलंय. मी वाजवते म्हणून गोड लागतं." ते भांडण आपलं राहिलंच. मी त्याचं उत्तर अजून शोधतोय.

मग तुला धाप लागायला लागली. बीडच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरनं सांगितलं होतं, स्टेजवर बसा, पण जोर लावू नका. तू खुर्चीवर बसायचीस आणि तळहात मांडीवर उपडे ठेवायचीस, जसं काही ते दुसऱ्याचे आहेत. तुझी जागा मी थाप मारून भरायला लागलो. लोकांना फरक कळला नसंल. तुला कळला. एकदा घरी येताना टेम्पोत म्हणलीस, "आता तुमी इसरत न्हाई थाप."

तेव्हा सुनीनं काढलं. म्हणली, "माय, तुझीच टाळी भरून ठेवू पॅडात. मी काठीनं मारीन, वाजंल तुझी."

तू आधी नाक मुरडलंस. मग दुसऱ्या दिवशी आपण होऊन अंघोळ करून, हाताला खोबरेल लावून बसलीस. मी म्हणलो तेल कशाला, टाळी घसरंल. तू म्हणलीस, "कायमची भरायची ना? मग हात बरे दिसायला नको?" आवाजाचं भरायचंय, फोटो नाही, हे तुला सांगून उपयोग नव्हता.

दुपारची वेळ होती. सुनीनं पत्र्याच्या खोलीत दोरी बांधून गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद केला. फोन तुझ्या हाताजवळ पाटावर उभा केला. आणि मी म्हणलो, बांगड्या काढ. टाळीत बांगड्या वाजतील.

तिथून जे सुरू झालं ते तुला आठवतं. तू म्हणलीस, "तुमी हाय तवर बांगड्या उतरणार न्हाई."

मी म्हणलो, "अगं, घटकाभर. परत घाल."

"घटकाभर पण न्हाई. तुमचं झालं की काढीन. मग भरा टाळी निवांत."

सुनी म्हणली, "माय, काय बोलतीस."

मी म्हणलो, आपण जुन्या गोष्टी सोडल्या, वंदना घेतो, उपासतापास करत नाही, मग बांगडीचं एवढं काय धरून बसलीस. तू म्हणलीस, "मी देवासाठी घातल्यात का? मला हातात आवाज लागतो. भाकरी करताना, धुणं धुताना. माझ्या हाताचा आवाज हाय तो." मी म्हणलो, आडमुठी आहेस. तू म्हणलीस, "तुमच्याच घरात शिकले."

तू बांगड्यांसकट टाळ्या मारल्यास. थोड्याच. प्रत्येक टाळीच्या आधी दम घेत होतीस. मग गोधडीला टेकलीस आणि म्हणलीस, "बास. ह्यातलीच निवडा."

सुनीनं त्यातली बरी टाळी घेतली आणि पेनड्राइव्हनं पॅडात भरली. घरात लहान स्पीकरवर वाजवली तेव्हा तू मान हलवलीस. पण जयंतीच्या कार्यक्रमात फजिती झाली. मी ओळीला थाप सोडली, सुनीनं काठी मारली, आणि काहीच आलं नाही. म्हणजे आलं, पण बँजोच्या आणि ढोलकाच्या खाली, कुणी भिंतीपलीकडं टाळी वाजवावी तसं. सुनीनं त्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत नेलं. तिथून पुढं बटण जात नाही. मिक्सरवाल्यानं पॅडची लाइन वर केली, तर कंपनीचा ढोल ढम्म करून असा आला की स्पीकर फाटायची वेळ. मग सुनीनं मधल्या सुट्टीत बाकीचे सगळे आवाज खाली केले, तुझ्या टाळीच्या पातळीला आणले. तर सगळा पॅडच मेला, आणि लाइन वर केली की मागून सूं सूं यायला लागलं.

तू खुर्चीवरून मला विचारलंस, "माझी टाळी कुठंय?"

मी म्हणलो, "वाजतीय की."

"मला तर तुमच्या ढोलकाच्या पोटात गेल्यासारखी वाटती."

घरी आल्यावर ठरलं, परत भरायची. चांगला माईक आणून. तू म्हणलीस, "भरू की. दम तर येऊ द्या." आम्ही दमाची वाट बघत राहिलो. आणि दम आला नाही. एवढंच लिहितो, त्या दिवसांचं जास्त लिहीत नाही. तू होतीस, तुला ठाऊक आहे. जे तुला ठाऊक नाही ते सांगायला बसलोय.

बायांनी तुझ्या हातातल्या बांगड्या राहू दिल्या. मला विचारलं. मी म्हणलो, तिनं सांगून ठेवलंय, नाना हाय तवर उतरायच्या नाहीत. नाना हाय. त्या तुझ्याबरोबर गेल्या.

दुसऱ्या दिवशी लोक तुझ्या आठवणीच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं बोलायला बसले. मंडप कुठं, भंतेजींना कोण आणणार, आपलीच पार्टी गाणार का. मी म्हणलो पार्टी आपलीच गाणार, ढोलक मी वाजवणार, आणि अनसाची टाळी वाजणार. दगडू म्हणला, तोच तो, माझा चुलतभाऊ, प्रत्येक कामात जो आडवा येतो तो. "मेलेल्या माणसाचा आवाज मशिनीतून वाजवायचा, बरं दिसतं का ते?"

मी म्हणलो, "मेलेल्या माणसाचा फोटो लावतो, हार घालतो, ते बरं दिसतं. आवाजानं काय तुझं घोडं मारलं?"

तो उठून गेला. चहा पिऊन गेला पण.

खरं सांगतो, तोंडानं बोललो तेवढा धीर पोटात नव्हता. कारण आपल्याजवळ होती ती तीच एक बारकी टाळी. परत भरायला तू नव्हतीस. ती वर आली तर आली, नाहीतर तू कायमची ढोलकाच्या पोटात. मी मनात धरलं, ही टाळी उचलल्याशिवाय ढोलकाला हात लावायचा नाही. सुनीला तसं सांगितलं. ती म्हणली, "नाना, हट्ट करून लेव्हल वाढत नसती." मी म्हणलो, "मग कशानं वाढती ते शोध. हट्ट मी करतो."

गेवराईला स्टँडच्या मागं इर्शादचा स्टुडिओ आहे. तोच इर्शाद, लग्नाच्या गाण्यांसाठी आपल्या पार्टीला घेऊन जायचा, तुझ्या हातचा ठेचा मागून न्यायचा. आम्हा दोघांना बघून तो उठून उभा राहिला. चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली. मग म्हणला, "चाची गेली म्हणून कळालं. मी येणारच होतो, नाना."

मी म्हणलो, "ते राहू दे. तिची टाळी उचलून दे."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपवर आवाजाचं चित्र आलं. मी पहिल्यांदाच बघितलं. मधून एक आडवी रेघ, आणि जिथं आवाज तिथं ती रेघ फुगलेली. इर्शादनं समजावून सांगितलं, वर आणि खाली ह्या दोन कडा म्हणजे छत आणि फरशी. कंपनीचे आवाज ह्या छतापर्यंत भरलेले असतात. आपला आवाज मधल्या मधे लोळतोय, म्हणून पॅडवर दबतो. पॅडात गेल्यावर तो फार वाढवता येत नाही. जे करायचं ते पॅडात टाकायच्या आधी, इथं करायचं.

"मग कर की," मी म्हणलो.

त्यानं एक बटण दाबलं. त्या बटणानं सगळं चित्र एकदम वर उचललं जातं, पार छताला टेकेपर्यंत, आणि टेकलं की मशीन आपोआप थांबतं. पण चित्र जेमतेम हललं. इर्शाद म्हणला, "च्यायला. उठतच न्हाई." परत दाबलं. तेच.

सुनी पुढं वाकली. तिनं बोट ठेवलं. "हे काय उभं राहिलंय इथं?"

तेव्हा मी पण बघितलं. टाळीची एक लहानशी टेकडी होती. आणि तिच्या मागं, अगदी चिकटून, विजेच्या खांबासारखी एक उभी रेघ, टेकडीच्या कितीतरी वर गेलेली. तो खांब आधीच छताजवळ होता. मशीन सगळ्यात उंच काय आहे तेवढंच बघतं. खांब छताला टेकला की ते थांबायचं आणि टेकडी तिथंच बसायची.

इर्शाद म्हणला, "फोनची खरखर असंल कायतरी." त्यानं तेवढा खांबच निवडून वाजवला.

किण्ण.

अनसे, मला आणि सुनीला लगेच कळालं. इर्शादला कळालं नव्हतं, तो आमच्या तोंडाकडं बघत होता. सुनीनं ओढणी तोंडाला लावली. मी म्हणलो, "परत वाजव." त्यानं वाजवलं. "बांगडी हाय," मी म्हणलो, "हिरव्या काचेची."

मला तोपर्यंत वाटत होतं, फोन लांब ठेवला असंल, नाहीतर भरताना काहीतरी चुकलं असंल. तसं नव्हतं. तुझे हात वाळले होते. मनगट राहिलं नव्हतं म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सरायच्या आणि प्रत्येक टाळीला खाली येऊन आपटायच्या. टाळीत जोर उरला नव्हता, तो सगळा बांगड्यांत गेला होता. आम्ही रोज तुझे हात बघत होतो, पण ते एवढे वाळलेत हे चित्रात बघून कळालं.

इर्शाद हळूच म्हणला, "सोपं हाय नाना. एवढा खांब कापून टाकू. मग टाळी उचलायला रान मोकळं."

"कापायचा न्हाई," मी म्हणलो.

"अहो, पण कापल्याशिवाय..."

"न्हाई म्हणलं ना. ती जित्ती होती तवा मी काढ म्हणलो, तिनं काढल्या न्हाईत. आता ती न्हाई बघून मी काढू?"

बघ, भांडण उलटं झालं. पाटासमोर तू बसलेली तेव्हा मी म्हणत होतो काढ. आता मीच तुझ्या बाजूनं भांडायला लागलो, आणि समोर दुसरंच माणूस. तू असतीस तर म्हणली असतीस, एवढं शहाणपण आधी कुठं होतं.

इर्शादनं मग माझ्या समाधानासाठी जबरदस्तीनं उचलून दाखवलं. छत फोडून. लाल दिवा लागला. टाळी वर आली, पण बांगडी पत्रा फाटल्यासारखी वाजली. मी म्हणलो, बंद कर. हे तिचं न्हाई.

चहा गार झाला. मग सुनी एकदम म्हणली, "इर्शादभाई, ब्लाउजची बाही तंग झाली की आपण काय करतो?"

तो म्हणला, "मला काय ठाऊक, ताई?"

"बाही उसवायची. पाठ वेगळी, बाही वेगळी. जिथं ढिली पाहिजे तिथं ढिली करायची, आणि परत त्याच शिवणीवर जोडायची. टाळी आणि बांगडी उसवा. टाळी तेवढी उचला. बांगडी हाय तिथं राहू द्या. आणि मधलं अंतर होतं तेवढंच ठेवून परत शिवा."

इर्शादनं डोक्यावर हात मारून घेतला. "कापायचं म्हणून बसलो होतो मी, ताई."

"कापायचं न्हाई, उसवायचं," सुनी म्हणली. तेव्हा तिचं तोंड अगदी तुझ्यासारखं दिसलं, दगडूला उत्तर देताना दिसायचं तसं.

मग त्या दोघांनी काम केलं आणि मी ऐकण्याचं. टाळी उचलली, पण छताला पार टेकवली नाही, बोटभर खाली ठेवली. टेकवली की फाटायची भीती. बांगडी जरा खाली घेतली, इतकी की टाळीमागून ऐकू यावी, पुढं येऊ नये. जोडून वाजवलं. मला ती जास्त लवकर आल्यासारखी वाटली. मी म्हणलो, जरा मागं. इर्शाद म्हणला, "नाना, हा फरक माणसाला कळत न्हाई." मी म्हणलो, "मला कळतो, मी तिच्याबरोबर वाजवलंय." त्यानं मागं घेतली. मग बरोबर बसली.

एका गोष्टीवर मी हरलो. टाळीच्या आधी तू घेतलेला दम त्यात होता. हुं असा, ओढून घेतलेला. काठी पडली की आधी तो वाजायचा आणि मग टाळी, म्हणजे टाळी ठेक्याच्या मागं पडायची. आपली पहिल्यांदा फजिती झाली त्यात हे पण होतं. सुनी माझ्याकडं बघत होती. मी म्हणलो, "काप." ढोलकवाल्याची बायको ठेक्याच्या मागं पडली तर लोक तिला नाही, मला हसतील. पण तो कापलेला दम सुनीनं वेगळा ठेवलाय. कुणाला सांगत नाही. मी पण विचारत नाही.

शेवटी सुनीनं विचारलं, पॅडला कसं लावू? दोन प्रकार असतात. एकात काठी कशीही मारा, आवाज पूर्ण जोरात येतो. दुसऱ्यात जेवढा जोर माराल तेवढाच येतो. इर्शाद म्हणला पहिलाच ठेवा, धोका नको. मी म्हणलो, दुसरा. तुझी टाळी कधी एकसारखी नव्हती. रुसलेली असलीस की वेगळी, लेकीचं काही चांगलं झालं की वेगळी. आणि माझ्या ढोलकाला जो टोमणा तू मारला होतास, तो तुझ्या टाळीला कुणी मारू नये.

काल कार्यक्रम झाला. मंडप दारातच घातला. वंदना झाली, भंतेजी थोडं आणि चांगलं बोलले. तुझा फोटो टेबलावर, तोच, ज्यात तू डोळे मिटलेस म्हणून तुला आवडत नव्हता. दुसरा सापडला नाही. दगडू पहिल्या रांगेत येऊन बसला होता, नवा शर्ट घालून. तुझी खुर्ची कुणीतरी सवयीनं कोरसच्या शेजारी मांडली होती. मी हलवायला लावली नाही.

मी ढोलक पुढं ओढलं. कितीतरी दिवसांनी हात लावला. काकाच्या मुलानं पेटीवर सूर दिला. पहिली ओळ झाली आणि शेवटाला मी हात उचलून धरला. थाप सोडली. पोटात खड्डा पडला, माझ्याच.

आणि टाळी आली. पण कशी आली? तशीच बारकी. भिंतीपलीकडची.

मला वाटलं गेलं सगळं. इर्शाद मिक्सरजवळ उभा होता, त्यानं बटणाकडं हात नेला. मी सुनीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि काठी ती अशी टेकवत होती जशी एखाद्या आजारी माणसाच्या पाठीवर हात ठेवावा. पॅड तर तिच्या हाताचा जोर बघतो. मीच तसा लावायला सांगितला होता. इर्शाद आणि सुनीनं छताजवळ नेऊन ठेवलेली तुझी टाळी तिच्या हाताखाली परत लोळायला लागली.

मी ढोलक वाजवता वाजवता ओरडलो, "सुने, मायला गोंजारू नको. पॅड हाय तो. मार!"

मंडपातले सगळे चमकले. भंतेजींनी पण मान वर केली. दुसरी ओळ संपत आली. मी हात उचलला.

सुनीनं मारली.

अनसे, पत्र्यावर जाऊन आपटली आणि परत आली. लाकडी, वाटीतून निघालेली, आपल्या विहाराच्या मागच्या भिंतीपर्यंत जायची तशी. आणि तिच्या मागून, अगदी मागून, किण्ण. बायकांच्या बाजूला कुणीतरी "अगं बाई" म्हणलं. दगडूनं तुझ्या खुर्चीकडं बघितलं. मुद्दाम नाही, त्याची मानच तिकडं गेली. इर्शादनं हात बटणावरून काढला आणि खिशात घातला.

पुढची सगळी गाणी तशीच झाली. मी जागा बदलून बघितली, जरा अलीकडं, जरा पलीकडं. सुनीला तुझ्याइतकं जमत नाही, दोनदा चुकली. पण तिसऱ्यांदा माझ्याकडं बघून हसली आणि बरोबर मधोमध आली. जमंल तिला. मी जमवून घेईन.

तू होतीस तेव्हा म्हणलो नाही ते आता म्हणतो, कारण तेव्हा म्हणलो असतो तर तू म्हणली असतीस, आज दिवस कुणीकडं उगवलाय. माझं ढोलक तुझ्या टाळीनं गोड लागायचं. भांडणाचं उत्तर ते. तू बरोबर होतीस.

आता बाकीचं. मी वेळेवर जेवतो. गोधड्या अजून टांगलेल्याच आहेत, काढायला सवड नाही, कारण सुनी तिथंच सराव करते. हंगामाच्या सुपाऱ्या मी घेतल्यात, एकही सोडली नाही. लोक म्हणाले नाना थांबा यंदा. मी म्हणलो, ढोलकवाला थांबत नसतो, तो फक्त थाप सोडतो.

तुझी जागा मी परत थापेनं भरणार नाही. दर ओळीला हात वर धरीन. लोकांना वाटू दे, म्हातारा इसरला.